माझ्या पाठीवर पाहुणीचे बाबा

काळ वर्षाअखेरीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यांचा. स्थळ एका कलाविद्यालयाच्या तळमजल्यावरचा छापखाना, आणि त्यातही उत्तरेच्या खिडकीखालचा लाकडी ओटा. जे घडले ते ह्या ओट्यावर घडले. ज्याच्या पाठीवर घडले तोच ते सांगत आहे, तेव्हा ही ऐकीव गोष्ट असावी अशी शंका कोणी घेऊ नये.

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. वाटेत पडलेला आणि ठेच लागली की शिव्या खाणारा दगड नव्हे. मी चित्रे छापण्याचा दगड आहे. माझा रंग फिकट पिवळा, लांबीरुंदी जेवायच्या मोठ्या पाटाएवढी, आणि जाडी चार बोटे. एके काळी ती वीतभर होती. वीत आणि चार बोटे यांमध्ये जो फरक पडला, तोच माझा जीवनवृत्तान्त आहे.

खाणीत मी थराथराने पहुडलेला होतो. दगड बाहेर निघाला की तिथला पाथरवट त्याच्यावर लहानशी हातोडी मारून कान लावी. घंटेसारखा वाजला तर छपाईला, बद्द वाजला तर फरशीला, असा त्याचा निवाडा असे आणि त्यावर दाद मागायची सोय नव्हती. मी वाजलो. माझ्याच थरातले माझे सख्खे भाऊ वाजले नाहीत, आणि ते एका इस्पितळाच्या जिन्यात पायऱ्या झाले. त्यांचे जिणे कमी प्रतीचे होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्यांच्यावरून दिवसभर माणसे जातात. माझ्यावरून एका वेळी एकच माणूस जाते, एवढेच. पण ते फार सावकाश जाते.

माझे काम समजायला कठीण नाही. चित्रकार माझ्या पाठीवर तेलकट खडूने चित्र काढतो. मग त्यावर डिंकाचे पाणी फिरवतात, ओला बोळा फिरवतात आणि शाईचा रूळ फिरवतात. तेलाला पाणी चालत नाही आणि शाईला तेलाशिवाय चालत नाही, म्हणून जिथे खडू लागला असेल तिथेच शाई धरते. वर कागद ठेवून यंत्राखालून काढले की चित्र कागदावर उतरते. मात्र ते उलटे उतरते. आरशात जशी डावी बाजू उजवी होते, तसेच. त्यामुळे माझ्यावर काढायचे ते सगळे आधीच उलटे काढावे लागते, म्हणजे कागदावर ते सुलटे येते. हे नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगतात आणि तोही मान डोलावतो.

छपाई आटोपली की चित्र पुसायचे. कापडाने ते पुसले जात नाही. वाळू आणि पाणी घालून वर दुसरा दगड गोल गोल फिरवावा लागतो, आणि चित्राबरोबर माझाही एक पातळ पापुद्रा निघून जातो. ज्याने चित्र काढले त्यानेच ते पुसायचे, असा इथला रिवाज आहे.

माझ्यावर औषधाच्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या छापल्या गेल्या, बंदरांचे नकाशे छापले गेले, नाटकांच्या जाहिराती छापल्या गेल्या. एका नटीने आपले चित्र पाहून माझ्यावर हात फिरवला आणि "अगं बाई, नाक केवढं सुधारलंय," असे म्हटले. त्या वेळी मी वीतभर जाड होतो आणि मला गर्वही तेवढाच होता. पुढे धातूचे हलके पत्रे आले. मला उचलायला दोन माणसे लागत. पत्रा काखोटीला मारून नेता येई. मला जिन्याखाली ठेवण्यात आले. तिथे माझ्यावर कुंड्या होत्या, मग फुटक्या बादल्या होत्या, आणि एका वाऱ्याच्या मोसमात तर मला दार अडवायला लावले होते. माझा एक कोपरा त्याच काळात उडाला. तक्रार करावी असे पुष्कळ वाटले. पण दगडाच्या तक्रारीला कान कोण देणार?

तिथून मला बाहेर काढले ते छापखान्याच्या आताच्या मास्तरांनी. ते सडपातळ, टापटिपीचे आणि वादाला सदैव तयार असे गृहस्थ आहेत. त्यांच्या कोशात स्तुतीसाठी एकच शब्द आहे, "चालेल". तो शब्द कानी पडावा म्हणून विद्यार्थी वर्षभर धडपडतात.

ह्या मास्तरांच्या हाताखाली एका वर्षासाठी परदेशातून एक मुलगी शिकायला आली. तिचे नाव उच्चारताना इथल्या लोकांची जीभ अडखळे, म्हणून सगळे तिला 'पाहुणी' म्हणू लागले आणि तीही त्या नावाला ओ देऊ लागली. काम करताना स्वतःशी बोलण्याची तिला सवय होती. बोले ती आपल्या घरच्या भाषेत; इथे ती कोणाला कळत नाही अशी तिची समजूत होती. माझा तिने हिशेब धरला नव्हता. वास्तविक दगडाला कोणती भाषा परकी असणार?

वर्षाचे शेवटचे काम म्हणून प्रत्येकाने एका दगडावर किंवा लाकडावर एक चित्र काढून त्याच्या ठरलेल्या प्रतींचा पूर्ण संच छापायचा होता. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी बाहेरचे परीक्षक येणार आणि संच पाहून उत्तीर्ण की अनुत्तीर्ण ते ठरवणार. संच नसेल तर वर्ष फुकट. पाहुणीला घरी परतायचे होते, पुन्हा येण्याची सोय नव्हती, आणि म्हणून तिच्या बाबतीत 'फुकट' ह्या शब्दाचा अर्थ इतरांपेक्षा अधिक पक्का होता.

तिने विषय निवडला बाबांचे दुकान. तिचे बाबा सायकली दुरुस्त करतात. दुकानाचा एक फोटो तिच्या उशाशी असे, तो ती घेऊन आली. आईने रस्त्याच्या पलीकडून काढलेला तो फोटो होता. त्यात पाटी होती, टांगलेले टायर होते, हवा भरायचा पंप होता, पाने आणि पकडी अडकवलेली फळी होती आणि मधोमध एक स्टूल होते. स्टुलावर कोणी नव्हते. फोटो म्हटला की बाबा आत पळतात, असे ती शेजारच्या ओट्यावरच्या मैत्रिणीला हसत सांगत होती. ही मैत्रीण लाकडावर खोदकाम करी, तिला बारमाही सर्दी असे आणि ती सर्दीतही अखंड बोले.

पाहुणीने पारदर्शक कागदावर दुकानाच्या रेषा गिरवल्या, कागद पालथा केला आणि दुकान माझ्यावर उतरवले. पाटीवरची अक्षरे उलटी, टायर उलट्या बाजूला, हत्यारांची फळीसुद्धा उलट्या बाजूला. सारे कसे मोजून-मापून आणि नियमाला धरून. मग तिने फोटो बाजूला ठेवला आणि रिकाम्या स्टुलावर बाबांना बसवायला घेतले. त्यासाठी तिला फोटो नको होता. एका दुपारी, मान वर न करता, तिने त्यांना आठवणीतून काढले. मांडीजवळ चाक, एका हाताने ते फिरवताहेत, दुसऱ्या हातात आरे आवळायची चावी, आणि वाकडे फिरणारे चाक सरळ करताना, म्हणजे त्या धंद्याच्या बोलीत चाकाचा आउट काढताना, खालचा ओठ किंचित पुढे आलेला.

"मान जरा खाली घ्या ना, बाबा," ती पुटपुटली, आणि मान खाली आली.

मित्रांनो, अनेक हात माझ्यावरून गेले आहेत. भीत भीत टेकलेला हात, दिमाखाने फिरणारा हात, घड्याळाकडे बघत चालणारा हात, हे सारे मला ओळखता येतात. त्या दुपारचा हात घरी गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी चाचणीचा पहिला छाप निघाला. मास्तरांनी तो उजेडात धरला, चष्मा वर केला, खाली केला, आणि "चालेल" म्हणाले. एवढ्यावर न थांबता त्यांनी तो दारासमोरच्या भिंतीवर लावला. त्या भिंतीवर गेलेले चित्र परीक्षक सर्वांत आधी बघतात. मैत्रिणीने दोनदा शिंकून तिचे अभिनंदन केले. आता चांगल्या कागदावर संच छापायचा एवढेच उरले होते.

पुढच्या सकाळी पाहुणी चहाचा पेला घेऊन भिंतीसमोर उभी राहिली. आधी ती आपल्या कामावर खूश होती, हे तिच्या उभे राहण्यावरून कळत होते. मग चहा पिणे थांबले. पेला खिडकीत ठेवून ती माझ्याकडे आली, माझ्यावरच्या बाबांच्या हाताला बोट लावले, परत भिंतीकडे गेली, आणि तशीच खाली बसली.

मैत्रिणीने विचारले, शाई फुटली की काय?

"बाबा उजव्या हातानं काम करतायत," पाहुणी म्हणाली.

"मग? सगळेच करतात."

"माझे बाबा डावखुरे आहेत."

चूक कशी झाली ते आता तुमच्याही ध्यानात आले असेल. दुकान तिने मोजून काढले होते, म्हणून ते नियमाप्रमाणे उलटे काढले आणि कागदावर सुलटे आले. बाबांना मोजायची तिला गरज वाटली नाही. ते जसे आहेत तसे तिने काढले, आणि म्हणून कागदावर ते उलटले. माझ्यावर दुकान खोटे आणि बाबा खरे होते. कागदावर दुकान खरे आणि बाबा खोटे. बाबांची सगळी हत्यारे डाव्या हाताशी टांगलेली होती आणि कागदावरचा माणूस त्यांच्याकडे पाठ फिरवल्यासारखा उजव्या हाताने काम करीत होता. ह्याला आळस किंवा अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या माणसाला आपण तोंडपाठ समजतो त्याच्याच बाबतीत ही चूक होते.

मास्तर आले आणि वाद सुरू झाला. मास्तरांचे म्हणणे थोडक्यात असे होते की चित्र म्हणजे कोर्टातली साक्ष नव्हे. बघणाऱ्याला कामात बुडालेला एक माणूस दिसतो, तो डोळ्यांना पटतो, आणि चित्राची जबाबदारी तिथे संपते. परीक्षकांपैकी कोणी तिच्या बाबांना ओळखत नव्हते. एका हाताकरता चांगले चित्र मोडणे म्हणजे टाचणीकरता कोट उसवणे आहे, असे ते म्हणाले. पाहुणीने तेवढाच भाग खरवडून पुन्हा काढता येईल का, असे विचारले. मास्तरांनी नकार दिला. दगडावर असे ठिगळ लावले तर त्याची कड छापात धुरकट डागासारखी दिसते आणि ती परीक्षकांच्या आधी आपल्यालाच खुपते.

"कोणाला कळणार आहे?" त्यांनी शेवटी विचारले.

पाहुणीने भिंतीवरच्या छापाकडे बोट केले. मग तिने जे सांगितले ते तिने ह्या देशात आजवर कोणाला सांगितले नसावे. तिचे बाबा लहान असताना त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे हिचे मोठे काका, त्यांना अभ्यासाला बसवत. डाव्या हाताने लिहिणे त्यांना वंगाळ वाटे. म्हणून ते बाबांचा डावा हात खुर्चीच्या पाठीला रुमालाने बांधून ठेवीत. काका दुष्ट नव्हते. धाकट्याचे भले व्हावे असेच त्यांना वाटत होते. अक्षर सुधारले नाही. बाबा मात्र बोलताना अडखळू लागले आणि पुढे शाळेत जाईनासे झाले.

"त्यांनी शाळा सोडली, पण हात सोडला नाही," ती म्हणाली. "सगळं दुकान त्या हाताच्या सोयीनं लावलंय. फळी, पंप, स्टूल, सगळं. काकांना जे जमलं नाही ते मी करून दाखवलं, मास्तर. आणि इतकं छान केलं, की तुम्ही ते भिंतीवर लावलंत."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

मग त्यांनी तिला अडचणी सांगितल्या, एकेक करून, जशा त्या होत्या तशा. दगड घोटायचा, दुकान पुन्हा उतरवायचे, बाबा पुन्हा काढायचे, संच छापायचा, आणि दिवस फार थोडे. शिवाय हा दगड आधीच पातळ झाला आहे. अजून उतरला आणि यंत्राखाली तडकला तर दुसऱ्या दगडावर नव्याने सुरुवात करायला वेळ मुळीच नाही. तसे झाले तर तिच्या हाती उरेल चाचणीचा एक छाप, आणि त्याने संच होत नाही. हे बोलताना त्यांनी माझ्यावर बोटाच्या पेराने टकटक केले. मी शक्य तितका खणखणीत वाजलो.

"वर्ष जाईल," मास्तर म्हणाले.

"माहितीये."

"मग सुट्टीपर्यंत माझ्यापुढे रडायचं नाही," असे म्हणून त्यांनी बाह्या दुमडल्या आणि वाळूचे डबे काढले.

रिवाजाप्रमाणे पाहुणीनेच मला घोटले. मास्तर पाणी घालत राहिले. वाळू करकरली, राखाडी गाळ कडेने वाहू लागला, पाटी गेली, टायर गेले, बाबांचा चेहरा फिकट होत गेला. हात जरा जास्त दाबून काढलेला होता, म्हणून तो सर्वांत शेवटी राहिला. खरा, डावा हात. तो जगात फक्त माझ्यावर होता. तिथे तिची गती थांबली. मास्तरांनी आणखी थोडे पाणी घातले. मग तिने दगड पुन्हा फिरवला.

कोणी म्हणेल, दगडाला ह्यात वाईट वाटण्यासारखे काय आहे, त्याचा तर तो धंदाच. त्याला माझे उत्तर असे की धंदा असला म्हणून जे जाते ते हलके होत नाही.

दुकान लवकरच पुन्हा माझ्यावर आले. बाबा येईनात. आठवणीतले बाबा डावखुरे होते, आणि कागदावर ते तसे यावेत म्हणून माझ्यावर त्यांना उजव्या हाताचे काढायचे होते. नियम डोक्याला कळत होता, पण बोटे ऐकत नव्हती. ती आधी साध्या कागदावर काढी आणि पुसे. पहारेकऱ्याच्या सायकलीचे चाक मागून आणले, मैत्रिणीला पालथ्या बादलीवर बसवले, हातात चावी दिली. मैत्रीण उजव्या हाताची होती, तेव्हा हिशेबाने ते बरोबर होते. पण ती चाक असे धरी की जणू त्याने तिला काही उलट उत्तर दिले आहे. त्यात तिला शिंक आली आणि चाक घरंगळत मास्तरांच्या टेबलाखाली गेले.

"ते चाक आणि तू, दोघांचा आउट काढायला हवा," पाहुणी म्हणाली, आणि त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली.

तेव्हा मास्तरांनी आपल्या कपाटातून एक छोटा आरसा काढून माझ्या शेजारी उभा केला. जुने कारागीर चित्र आरशात बघून दगडावर काढीत, असे ते म्हणाले. आरसा झाला, आरशात बघायला बाबा हवे होते. पाहुणीने घरी फोन लावला.

तिथे तेव्हा दुपार होती. आईने फोन दुकानातल्या मांडणीवर, वंगणाच्या डब्याला टेकवून ठेवला. पाहुणीने आपला फोन आरशासमोर ठेवला, आणि आरशात तिचे बाबा स्टुलावर येऊन बसले. चित्र काढायचे आहे एवढेच तिने त्यांना सांगितले होते. पहिल्या छापाविषयी एक अक्षर नाही.

"मी काय करू?" बाबांनी विचारले.

"काही नको. काम करा."

"कामच करत होतो. मध्ये तूच आलीस."

थोड्या वेळाने ते फोन विसरले. चाक फिरू लागले. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका बाईंनी सायकल अजून तयार नाही म्हणून आवाज चढवला, तेव्हा बाबांनी मांडणीकडे बोट केले आणि सांगितले, माझी मुलगी परदेशातून बघते आहे, जरा सांभाळून बोला. बाईंनी पदर सारखा केला आणि फोनला तब्येत विचारली. मधूनच फोनवरचे चित्र जागीच गोठे, बाबांचा हात हवेत तसाच राही, आणि पाहुणी त्या संधीचा फायदा घेऊन भराभर खडू चालवी.

दुसऱ्या दिवशी बाबा केस विंचरून बसले होते.

"बघ बघ," आईचा आवाज आला. "माझ्यासाठी जन्मात कधी भांग पाडला नाही ह्या माणसानं. लेकीनं नुसता फोन लावला तर लगेच तेल."

"तू कधी चित्र काढलंस माझं?" बाबांनी विचारले.

रोज सकाळी असे चालले. माझ्यावर हळूहळू एक माणूस भरत आला. ह्या खेपेची रेघ त्या पहिल्या दुपारसारखी सुटी नव्हती. ती थांबत, विचारत पुढे जात होती. हाताची पाळी आली तेव्हा पाहुणी फार सावकाश झाली. ती एकसारखी हाताकडे बघते आहे हे बाबांच्या लक्षात आले असावे. त्यांनी चाक थांबवले. चावी ह्या हातातून त्या हातात घेतली, आणि मांडणीकडे न बघता म्हणाले,

"उजव्या हातात धरू का? चित्रात बरं दिसत असेल तर."

इकडे मैत्रिणीचे खोदकाम थांबले. भाषा तिला कळत नव्हती, पण पाहुणीचा चेहरा दिसत होता. माझ्यावर टेकलेली मूठ घट्ट झाल्याचे मला जाणवले.

"नको, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही धरता तशीच धरा."

बाबांनी चावी परत डाव्या हातात घेतली आणि चाक फिरवले. आरशात तो हात उजवा दिसत होता, आणि तसाच तो माझ्यावर उतरला.

छपाईच्या दिवशी मास्तरांनी माझ्याखाली जाड लोकरी घोंगडीचा तुकडा घातला आणि यंत्राचा दाब स्वतः लावला. पहिल्या फेरीला माझ्या उडालेल्या कोपऱ्याजवळ एक बारीकसा आवाज झाला. सगळ्यांनी तो ऐकला. मास्तरांनी खाली वाकून बोट फिरवले. केसाएवढी एक चीर गेली होती, चित्राच्या बाहेर. पाहुणीने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी दाब किंचित कमी केला आणि पुढचा कागद मागितला. पहिले छाप पुसट निघाले. मग शाई धरली. प्रत्येक कागदागणिक मला वाटे, हा मी पेलला, पुढचा पेलेन की नाही सांगता येत नाही. चिरीने शहाणपणा दाखवला आणि ती होती तिथे थांबली. संच पूर्ण झाला तेव्हा मैत्रिणीने न शिंकता टाळ्या वाजवल्या.

मास्तरांनी पहिला छाप आणि नवा छाप शेजारी शेजारी ठेवले. ते खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते.

"पहिलं सरस होतं," ते म्हणाले. "त्यात हात मोकळा होता तुझा."

"हो," पाहुणी म्हणाली. ह्यावर वाद झाला नाही.

परीक्षकांनीही काही निराळे ठरवले नाही. पाहुणी उत्तीर्ण झाली. चित्र मात्र दारासमोरच्या भिंतीवर न जाता जिन्याच्या वळणावर लागले, आणि त्यातला माणूस कोणत्या हाताने काम करतो आहे, हे एकाही परीक्षकाने विचारले नाही. दारासमोर दुसऱ्या कोणाचे तरी मोठे, देखणे झाड लागले.

माझ्याविषयी मास्तरांनी निर्णय दिला की आता ह्याला घोटायचे नाही. चीर पडलेला दगड पुन्हा यंत्राखाली घालणे योग्य नव्हे. म्हणून माझ्यावरचे बाबा, उलट्या पाटीखाली बसलेले, तसेच राहिले आहेत, आणि मी खिडकीशी उभा आहे.

मित्रांनो, माझी पुढची विनंती फार मोठी नाही. छापखान्यात गेलात तर दगडाचे कोपरे सांभाळा. त्याच्याने दार अडवू नका, आणि काम संपल्यावर त्याला ओला ठेवू नका. वस्तू जुनी झाली की तिला मन नसते असा समज करून घेण्याची घाई नको. आणि जेव्हा तुम्ही कोणाचे चित्र काढाल, किंवा कोणाविषयी चार ओळी लिहाल, किंवा नुसतेच कोणाविषयी कोणाला सांगाल, तेव्हा तो माणूस तुमच्या सोयीचा होऊ देऊ नका. विशेषतः तो घरचा असेल, तर आणखी एकदा त्याच्याकडे पाहून घ्या. तो तोंडपाठ आहे असे वाटते, तिथेच घात होतो.

सुट्टी लागली. व्हरांड्यात सामानाचे बोजे उभे राहिले, कपाटे रिकामी झाली, मैत्रिणीने पाहुणीला मिठी मारून आपली सर्दी निरोपादाखल दिली. पाहुणीने संचातला एक छाप घरी नेण्यासाठी गुंडाळायला घेतला होता. गुंडाळण्याआधी तिने तो माझ्या शेजारी, खिडकीच्या उजेडात उभा केला आणि घरी फोन लावला.

आई आधी आली. तिने पाटी वाचली, टायर मोजले, भांग पाहिला, आणि ओठ बघून तर ती हसतच सुटली. अगदी हेच, कामात असले की असेच दिसतात, हाक मारली तरी ऐकू येत नाही, असे ती सांगत राहिली. मग तिने बाबांना हाक मारली. ते हात पुसत आले. पडद्याच्या इतके जवळ आले की इकडे फक्त त्यांचे कपाळ आणि एक डोळा दिसत होता. पाहुणीने चित्र जरा पुढे सरकवले. ते बघत राहिले. मग मागे सरले, आपल्या डाव्या हाताची बोटे त्यांनी चावी धरल्यासारखी मिटली, त्या मुठीकडे एकदा पाहिले आणि पुन्हा चित्राकडे.

"बरोबर धरलंय," बाबा म्हणाले.